लाल गाडीच आधी का विटते?

रस्त्याकडेच्या जुन्या केशकर्तनालयाच्या काचेवर चिकटवलेली केशरचनांची चित्रं एकदा नीट पाहा. त्यातल्या देखण्या तरुणांचे चेहरे निळसर पडलेले असतात, ओठ राखाडी झालेले असतात आणि अंगातल्या शर्टाचा मूळ रंग कोणता होता हे सांगता येत नाही. छापताना या चित्रांत लाल, पिवळा, निळा आणि काळा अशा चारही शाया होत्या. उन्हाने त्यातल्या लाल-पिवळ्या खाऊन टाकल्या आणि निळी-काळी तेवढी शिल्लक ठेवली. दुकानांच्या पाट्या, गेल्या निवडणुकीचे फलक, गच्चीत पडून राहिलेली प्लास्टिकची लाल बादली या सगळ्यांची कहाणी हीच.

आणि तीच कहाणी सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभ्या असलेल्या लाल गाडीची. घेतली तेव्हा टपोऱ्या डाळिंबासारखी दिसणारी गाडी सात-आठ वर्षांत टपावर गुलाबी दिसू लागते. बॉनेटवर पांढुरके चट्टे येतात. मग एखाद्या पावसाळ्यानंतर त्या चट्ट्यांच्या कडेने प्लास्टिकच्या कागदासारखे पापुद्रे सुटू लागतात. शेजारी उभी असलेली त्याच वयाची पांढरी गाडी मात्र धुतली की बरी दिसते. विकायला काढली तर दलाल आधी टपावरून हात फिरवतो आणि मग किंमत सांगतो. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘लाल आहे साहेब, उडणारच.’

हे उत्तर अर्धं खरं आहे. लाल रंग लवकर विटतो, याला भौतिक आणि रासायनिक कारणं आहेत. मात्र रंग विटणं आणि रंगाचे पोपडे निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली पहिली बरीच लांबवता येते, दुसरी एकदा सुरू झाली की कोणत्याही पॉलिशने थांबत नाही. हा फरक कळला तर बरेच पैसे वाचतात. आणि गाडी पुन्हा रंगवायची वेळ आलीच, तर रंगवणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचाही विचार करता येतो.

लाल दिसण्याची किंमत

एखादी वस्तू लाल दिसते म्हणजे काय होतं? सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग मिसळलेले असतात. लाल रंगद्रव्य त्यातला तांबडा प्रकाश परत फेकतं आणि निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतं. आपल्या डोळ्यांपर्यंत येतो तो त्याने नाकारलेला प्रकाश. त्याने घेतलेला प्रकाश त्याच्या पोटातच राहतो.

इथेच मेख आहे. प्रकाश कणांच्या रूपाने येतो आणि तरंगलांबी जितकी कमी तितकी त्या कणातली ऊर्जा जास्त. ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशकणाच्या तुलनेत ४५० नॅनोमीटरच्या निळ्या कणात जवळपास दीडपट ऊर्जा असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या ३०० नॅनोमीटरच्या अतिनील कणात तर दुपटीहून जास्त. म्हणजे लाल रंगद्रव्य सौम्य प्रकाश परत पाठवतं आणि तिखट प्रकाश स्वतः गिळतं. निळ्या रंगद्रव्याचं उलट आहे. दृश्य प्रकाशातला तिखट भाग ते परतवून लावतं आणि सौम्य तांबडा-नारिंगी भाग शोषतं.

अर्थात एवढ्यावरून निकाल लागत नाही. शोषलेली ऊर्जा पचवता आली तर काहीच बिघडत नाही. काळं रंगद्रव्य, म्हणजे काजळीचा कार्बन, तर सगळाच प्रकाश गिळतं आणि तरीही वर्षानुवर्षं काळं राहतं. कारण ती ऊर्जा ते झटकन उष्णतेत बदलून टाकतं. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण शोषतं आणि स्वतः शाबूत राहतं. म्हणून प्रश्न दोन आहेत : रेणू किती तिखट प्रकाश घेतो, आणि घेतलेला प्रकाश पचवण्याची त्याची ताकद किती? बाजारातले बरेच स्वस्त लाल या दोन्ही परीक्षांत मागे पडतात.

माळेचा दोरा

स्वस्त लाल रंगद्रव्यांतली बहुतेक ‘अझो’ कुळातली आहेत. नायट्रोजनचे दोन अणू हात धरून उभे आणि त्यांच्या दोन बाजूंना कार्बनची वलयं, अशी या रेणूंची साधारण रचना. या सगळ्या साखळीतून इलेक्ट्रॉन मोकळेपणाने फिरतात आणि त्यांच्या त्या फिरण्यातूनच रंग जन्मतो. त्यामुळे साखळी मध्येच एका ठिकाणी तुटली, तरी रेणूचा बाकीचा भाग शिल्लक असूनही रंग जातो. माळेतला दोरा तुटावा तसं हे आहे. मणी जागच्या जागी असतात, माळ मात्र उरत नाही.

दोरा तोडतं कोण? जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास असतो. पण कार्बन-कार्बनमधला साधा बंध तोडायला लागणारी ऊर्जा सुमारे ३४५ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीच्या कणात असते आणि उन्हात असे कण असतात. शिवाय ऊन एकटं नसतं. उन्हाने चाळवलेल्या रेणूवर हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो, त्यातून ‘मुक्त मूलक’ नावाचे अतिशय आक्रमक तुकडे तयार होतात आणि ते शेजारच्या रेणूंना तोडत सुटतात. एका ठिणगीने गवताची गंजी पेटावी तशी ही साखळी-अभिक्रिया असते. उष्णता तिचा वेग वाढवते. मे महिन्यातल्या दुपारी गडद रंगाच्या गाडीचा पत्रा ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि रासायनिक अभिक्रियांचा ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं तर वेग साधारण दुप्पट होतो. पावसाचं आणि दवाचं पाणी तुटलेले तुकडे धुऊन नेतं आणि आतला नवा भाग उघडा पाडतं.

म्हणूनच रंग उत्पादक आपले नमुने अमेरिकेत फ्लोरिडा आणि ॲरिझोना या दोन राज्यांत उन्हात ठेवून पाहतात. फ्लोरिडात ऊन आणि दमट हवा, तर ॲरिझोनात वाळवंटातला कोरडा ताप. आपल्याकडे कोकणात पहिल्याचा आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात दुसऱ्याचा अनुभव घरबसल्या येतो. मुंबई तर अशा अक्षांशावर आहे, की मे महिन्याच्या मध्यात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो. गाडीचा टप, बॉनेट आणि डिकी हेच भाग आधी का जातात आणि दारांचा खालचा भाग का टिकतो, याचं उत्तर यात आहे. शंका असेल तर दार उघडून आतली चौकट पाहा. तिथे ऊन पोहोचत नाही आणि तुमच्या गाडीचा मूळ लाल अजून तिथे जसाच्या तसा आहे.

जांभा का विटत नाही?

मग टिकाऊ लाल रंग नाहीच का? आहे, आणि कोकणातल्या माणसाच्या तो पायाखाली आहे. जांभ्या दगडाचा लाल, तुळशीवृंदावनाला लावायच्या गेरूचा लाल, खिडकीच्या ग्रिलला आधी मारतात त्या ‘रेड ऑक्साइड’चा लाल, हे सगळे लोहाच्या ऑक्साइडचे रंग. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही चित्रकारांनी हाच लाल वापरला. वृंदावनावरचा गेरू पावसात धुऊन जातो, कारण त्याला धरून ठेवणारं काही नसतं. पण तो उन्हाने गुलाबी पडत नाही. त्यातलं लोह आधीच पूर्ण गंजलेलं असतं. जे गंजूनच तयार झालं आहे, त्याला ऑक्सिजन आणखी काय गंजवणार?

अडचण अशी, की हा लाल विटकरी आहे. त्यात डाळिंबाची झळाळी नाही. गाडी घेणाऱ्याला हवा असतो तो भडक, शुद्ध लाल. तो देणारी टिकाऊ असेंद्रिय द्रव्यं होती, पण ती शिशाची होती. शिसं आणि लाल-केशरी रंग यांचं नातं आपल्याला नवं नाही. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइडच. गाड्यांसाठी मात्र वेगळं मिश्रण वापरत. लेड क्रोमेट, लेड मॉलिब्डेट आणि लेड सल्फेट यांच्या मिश्रस्फटिकांपासून केलेला ‘मॉलिब्डेट’ केशरी-लाल. तो एका हातातच पत्रा झाकायचा, स्वस्त होता आणि उन्हाला बऱ्यापैकी दाद देत नसे. त्यात थोडं किरमिजी सेंद्रिय रंगद्रव्य मिसळलं, की झकास लाल तयार होई.

पण त्यात शिसं होतं आणि षट्संयुजी क्रोमियमही. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून सांगता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. षट्संयुजी क्रोमियमची संयुगं कर्करोगकारक ठरली आहेत. गाडीवर कडक झालेल्या रंगातून शिसं आपोआप अंगात शिरत नाही. धोका असतो तो कारखान्यात पूड हाताळणाऱ्याला आणि पुढे जुना रंग घासून काढणाऱ्याला. वाहन उद्योगाने ही द्रव्यं टप्प्याटप्प्याने सोडली. युरोपीय संघात २०१५ पासून खास परवानगीशिवाय ती वापरता येत नाहीत. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. ते नियम घराच्या भिंती-दारांच्या रंगांसाठी आहेत, औद्योगिक रंगांसाठी नाहीत, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

‘पूर्वीचे रंग कसे टिकायचे’ असं कोणी म्हणालं तर त्या टिकाऊपणात शिशाचाही वाटा होता, हे आठवावं. तो सोडला हे योग्यच झालं. मात्र त्यामुळे भडक लाल रंगाचा सगळा भार सेंद्रिय रेणूंवर आला.

चुकून सापडलेला लाल

सेंद्रिय म्हणजे कच्चा, असं मात्र नाही. निळ्या-हिरव्या रंगांतलं कॉपर थॅलोसायनिन हेही सेंद्रियच. त्याचं तांब्याभोवतीचं भक्कम वलय ऊन सहज पचवतं. केशकर्तनालयातल्या चित्रांत जो निळा शिल्लक राहतो, तो बहुधा हाच. लाल रंगासाठी असा रेणू सापडायला वेळ लागला.

१९५८ मध्ये ‘ड्युपॉन्ट’ने क्विनाक्रिडोन कुळातली रंगद्रव्यं बाजारात आणली. ती किरमिजी-जांभळ्या छटेची आणि उन्हाला चांगली तोंड देणारी होती. खरा भडक लाल आला तो अपघाताने. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात डोनाल्ड फार्नम आणि त्यांचे सहकारी एक वेगळाच रेणू बनवायच्या प्रयत्नात होते. हवा होता तो मिळाला नाही. त्याऐवजी कशातही धड न विरघळणारी थोडीशी लाल पूड मात्र हाती आली. १९७४ मध्ये त्यांनी ती नोंद प्रसिद्ध केली. पुढे स्वित्झर्लंडच्या ‘सिबा-गायगी’ कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या पुडीचं मोल ओळखलं, ती मोठ्या प्रमाणावर बनवायची रीत शोधली आणि १९८० च्या दशकात ‘डीपीपी’ ही रंगद्रव्यं बाजारात आली. इटलीतल्या वेगवान गाड्यांवर वापरला गेल्यामुळे त्यातल्या एकाला ‘फेरारी रेड’ हेच नाव पडलं.

विरघळत नाही, हा दोष नसून गुण होता. या रेणूंनी स्फटिकात एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरलेलं असतं. एकाने घेतलेली ऊर्जा तो लवकर उष्णता म्हणून सोडून देतो आणि तुटण्याची वेळ टळते. आज चांगल्या कारखान्यातून निघालेल्या लाल गाडीवर बहुधा याच किंवा अशाच दर्जाची रंगद्रव्यं असतात. ती तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या लाल रंगांच्या तुलनेत कितीतरी टिकतात.

तरीही दोन अडचणी उरतात. एक म्हणजे सेंद्रिय लाल रंग पत्रा नीट झाकत नाहीत. अनेक हात द्यावे लागतात आणि खालच्या प्रायमरचा रंगही जुळवून घ्यावा लागतो. दुसरी, चमकत्या ‘मेटॅलिक’ लाल रंगासाठी रंगद्रव्याचे कण फार बारीक करावे लागतात. कण जितका बारीक, तितकं त्याचं उघडं अंग जास्त आणि ऊन-ऑक्सिजनचा मारा जास्त. स्वस्तात रंग उरकणाऱ्याने हात कमी दिले किंवा हलकं रंगद्रव्य वापरलं, तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर कळतं.

केसाहून पातळ ढाल

आता पोपड्यांकडे वळू. गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे, ती चार थरांची चळत आहे. पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया झाली, की विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवतात, तो ‘ई-कोट’, साधारण २० मायक्रॉनचा. त्यावर ३०-३५ मायक्रॉनचा प्रायमर. त्यावर खरा रंग, तो जेमतेम १५-२० मायक्रॉन. आणि सर्वांत वर ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक ‘क्लिअर कोट’. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजतो तो लाल रंग केसाच्या पाव जाडीचा, आणि त्याला उन्हापासून वाचवणारी ढालही केसाहून पातळ.

हा क्लिअर कोट १९८० च्या दशकात सर्रास वापरात येऊ लागला. त्याआधीच्या गाड्यांवर रंग उघडाच असे. तो वरून पिठूळ व्हायचा. पॉलिशचं फडकं फिरवलं की फडकं लाल व्हायचं आणि गाडी पुन्हा चमकायची. विटका थर निघून खालचा ताजा थर वर यायचा, इतकं साधं होतं. आज क्लिअर कोटवर फडकं मारलं तर ते लाल होत नाही. होत असेल तर एक तर तो रंग जुन्या पद्धतीचा आहे, नाही तर ढाल झिजून रंगच उघडा पडला आहे.

क्लिअर कोट नुसतं पारदर्शक प्लास्टिक नसतं. त्यात दोन प्रकारचे रक्षक मिसळलेले असतात. पहिले अतिनील किरण शोषून त्यांची निरुपद्रवी उष्णता करणारे. आपण उन्हात जाताना लावतो त्या सनस्क्रीनमध्येही याच तत्त्वावर चालणारी, काही वेळा याच कुळातली रसायनं असतात. दुसरे, मुक्त मूलकांना पकडून साखळी-अभिक्रिया तोडणारे. हे रक्षक एकत्र असतात तोवर ढाल मजबूत राहते. पण सनस्क्रीन दर काही तासांनी पुन्हा लावता येतं, इथे ते एकदाच कारखान्यात लावलेलं असतं. वर्षानुवर्षं काम करता करता ते संपत जातं.

संपलं की क्लिअर कोट स्वतःच तुटू लागतो. तो ठिसूळ होतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. भेगांमुळे प्रकाश विखुरतो आणि लाल रंग पांढुरका, गुलाबी दिसायला लागतो. मग त्या भेगांतून पाणी शिरतं. दिवसा पत्रा तापून फुगतो, रात्री आकसतो. ठिसूळ थराला ही ओढाताण सोसत नाही. अतिनील किरण आता खालपर्यंत पोहोचतात आणि क्लिअर कोट ज्या रंगाला चिकटून आहे, तो सांधाच कुजवतात. पुढचा पापुद्रा वाऱ्याने किंवा धुण्याच्या जोरानेही सुटतो.

म्हणजे पोपडे हा लाल रंगाचा खास रोग नाही. क्लिअर कोट संपला तर निळ्या आणि काळ्या गाडीचेही पोपडे निघतात. लाल गाडीचं दुर्दैव इतकंच, की ढाल पातळ होताच तिचा रंग सर्वांत आधी उडतो आणि चारचौघांत दिसतोही.

पॉलिश करावं की रंगवावं?

गाडी विटकी दिसू लागली की पहिला सल्ला मिळतो ‘रबिंग-पॉलिश’चा. तो घेण्याआधी घरी एक साधी चाचणी करता येते. विटक्या भागावर पाणी ओता. ओला असताना रंग एकदम खुलला आणि वाळल्यावर पुन्हा फिका झाला, तर पृष्ठभाग खडबडीत झाला आहे. पाण्याने खाचा भरल्या म्हणून तो क्षणभर नितळ दिसला. अशा वेळी पॉलिशचा उपयोग होऊ शकतो. ओला असतानाही गुलाबीच राहिला, तर रंगद्रव्यच गेलं आहे आणि पॉलिश त्याला परत आणू शकत नाही. आणि नखाला पापुद्र्याची कड लागली, तर विषय संपला. तिथे पॉलिश म्हणजे पैसे वाया. घासलेल्या कडेने पापुद्रा आणखी पसरतो तो वेगळाच. तो भाग घासून पुन्हा रंगवणं एवढाच उपाय उरतो.

पॉलिश चालणार असेल तरी ते काय करतं हे समजून घ्यावं. ते क्लिअर कोटचे काही मायक्रॉन खरवडून काढतं. ढालच मुळात ४०-५० मायक्रॉनची. दरवर्षी दिवाळीला रबिंग करून घेणारा माणूस गाडी चमकवत असतो आणि तिचं संरक्षण थोडं थोडं झिजवत असतो. मेणाचं पॉलिश वेगळं. ते खरवडत नाही, वर एक तात्पुरता थर देतं. काही आठवड्यांत तो जातो, पण पाणी आणि घाण चिकटू देत नाही.

‘सिरॅमिक कोटिंग’ची जाहिरात सध्या जोरात आहे. हा सिलिकायुक्त, साधारण मायक्रॉनभर जाडीचा थर असतो. त्यामुळे पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं, रसायनांपासून काहीसा बचाव होतो. मात्र इतक्या पातळ थराकडून ऊन अडवण्याची फार अपेक्षा ठेवू नये, आणि विटलेल्या रंगावर तो लावून काही साधत नाही. पारदर्शक संरक्षक फिल्म दीडशे-दोनशे मायक्रॉनची असते. ती खरोखर जास्त वाचवते, पण महाग असते.

खर्च न करता होण्यासारखं बरंच आहे. सावली हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी उपाय. दिवसभर सावलीची जागा नसेल तर निदान दुपारी टपावर ऊन येणार नाही अशी उभी करावी. झाडाखाली लावली तर पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढावा. विष्ठेतली पाचक विकरं तापलेल्या क्लिअर कोटवर चांगलीच काम करतात. सकाळी एका बादलीत सगळ्या सोसायटीच्या गाड्या पुसल्या जातात, त्या फडक्यातली माती पॉलिश पेपरसारखी घासते. आधी पाणी सोडून माती वाहू द्यावी, मगच फडकं लावावं. भांडी किंवा कपडे धुण्याची पावडर वापरू नये. बोअरचं पाणी उन्हात गाडीवर वाळू देऊ नये, त्यातल्या क्षारांचे डाग बसतात. कव्हर घालायचं तर हवा खेळणाऱ्या कापडाचं, आणि धुळीच्या गाडीवर कधीच नाही.

रंगवणाऱ्याच्या छातीचं काय?

इतकं करूनही रंगवायची वेळ येते. तेव्हा आपण विचारतो ते दोनच प्रश्न : किती घेणार आणि कधी देणार? तिसरा प्रश्न विचारायला हवा, तो असा की रंग कुठे आणि काय घालून मारणार?

आजचे टिकाऊ क्लिअर कोट गॅरेजमध्ये दोन डब्यांतून येतात. एकात राळ, दुसऱ्यात ‘हार्डनर’. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट कुळातली रसायनं असतात. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये गळती झाली ते मिथाइल आयसोसायनेट याच कुळातलं. गॅरेजमधली रसायनं तितकी बाष्पनशील नसतात आणि तसा अनर्थ त्यातून होत नाही. पण स्प्रे गनमधून त्यांचा बारीक फवारा उडतो आणि तो श्वासावाटे आत जातो. जगभरात कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत आयसोसायनेटची गणना होते.

या दम्याची गोम अशी, की शरीर एकदा या रसायनाला ‘ओळखू’ लागलं, की पुढे त्याचा अगदी थोडा अंशही दम लागायला पुरतो. त्वचेवर सांडल्यानेही ही ओळख होऊ शकते. धोक्याची सूचना नाकाला मिळत नाही. गॅरेजमध्ये येणारा तो उग्र वास थिनरचा असतो, आयसोसायनेटचा नव्हे. वास गेला म्हणजे धोका गेला, असं नसतं. फवारा थांबल्यावरही न दिसणारे थेंब हवेत काही काळ तरंगत राहतात, आणि नेमका तेव्हाच रंगारी तोंडावरचा रुमाल काढतो.

रुमाल किंवा कापडी मास्क या फवाऱ्याला अडवत नाही. या कामासाठी सुचवला जातो तो बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा, सोबत हातमोजे, अंगभर कपडे आणि हवा ओढून घेणारी बंदिस्त खोली. रस्त्याकडेच्या गॅरेजात यातलं काहीच नसतं. जुना रंग कोरडा घासताना उडणारी धूळही वाईट. गाडी जुनी असेल तर त्या धुळीत शिसं असू शकतं आणि ती कपड्यांवर बसून रंगाऱ्याच्या घरी, त्याच्या लहान मुलांपर्यंत जाते. पाणी लावून घासलं, कामाचे कपडे तिथेच बदलले आणि जेवायच्या आधी हात धुतले, तरी बराच फरक पडतो.

रंगकाम करणाऱ्या कोणी हा मजकूर वाचला तर एवढं ध्यानात ठेवावं : कामाच्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री खोकला येणं, छाती आवळणं, शिट्टीसारखा आवाज येणं आणि सुट्टीत किंवा गावी गेल्यावर बरं वाटणं, ही या दम्याची मोठी खूण आहे. डॉक्टरांना आपण कोणतं काम करतो हे आधी सांगावं. नुसती ‘खोकल्याची बाटली’ घेऊन परत येऊ नये. फुंकर मारून करायची फुप्फुसांची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, सरकारी रुग्णालयांतही होते. वेळेत ओळखून रसायनाशी संपर्क थांबवला तर बरं होण्याची शक्यता जास्त असते. तसंच काम चालू ठेवलं तर दमा कायमचा जडू शकतो.

गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात काय आहे? बंदिस्त स्प्रे-बूथ असलेलं गॅरेज निवडणं. त्याचा दर जास्त असतो, पण तिथला रंगही जास्त टिकतो, कारण धूळ नसलेल्या खोलीत, योग्य तापमानाला वाळलेला क्लिअर कोट चांगला बसतो. थरांची घाई करू नये. टपावर नुसता डाग झाकणारा फवारा मारून घेण्याऐवजी तो भाग सांध्यापर्यंत पूर्ण रंगवून घ्यावा, नाहीतर कडेने पुन्हा पापुद्रे सुटतात. आणि गाडी न्यायला गेलात की किती हात दिले याबरोबरच, मारताना तोंडावर काय लावलं होतं, हेही विचारा. गिऱ्हाइकं विचारू लागली, तर मालक मुखवटा आणतात.